ओल्या मलमलीचा आकडा

ईमेल परत आला तेव्हा श्रुतिका कापगतेनं पहिली शिवी स्वतःलाच घातली.

‘अहवाल स्वीकारला नाही,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘ओल्या तापमापीचं वाचन ३३ अंश संभवत नाही. मलमल कोरडी असावी. कृपया मलमल ओली करून थोड्या वेळानं पुन्हा वाचन घ्या.’

मे महिन्याच्या दुपारी मलमल कोरडी ठेवायची आणि आकडा पाठवून मोकळं व्हायचं, ही हवामान निरीक्षकाची नाक कापणारी चूक. श्रुतिका तोंडावर ओढणी गुंडाळून पुन्हा उन्हात गेली. गोवारटोल्याच्या शाळेमागे तारेच्या कुंपणात झडपांची पांढरी लाकडी पेटी उभी होती. आत दोन तापमापी होते, एक उघडा आणि एक मलमलीची टोपी घातलेला. तिनं मलमलीला बोट लावलं. बोट ओलं झालं.

तरी तिनं मलमल पुन्हा भिजवली आणि शाळेच्या भिंतीच्या सावलीत थांबली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुर्ता पाठीला चिकटलाय. भंडारा-गोंदियाकडचा उन्हाळा असा नसतो. इथं घाम आला हे कळायच्या आत वाळून जातो, मागे फक्त मिठाची पांढरी रेघ उरते. आज कुर्ता पिळून काढला असता तर वाटीभर पाणी निघालं असतं. तिनं पेटी उघडली. कोरडा तापमापी ४२, ओला ३३.

‘बरं बाई,’ ती त्या पेटीलाच म्हणाली आणि पुन्हा ईमेल करायला आत गेली.

हे ईमेलचं प्रकरण बाहेरच्या माणसाला हसू आणणारं होतं. मधल्या काळात गावोगावी स्वयंचलित यंत्रं बसवून झाली होती. विदर्भाच्या धुळीनं त्यांची आर्द्रता मोजायची कळ दोन उन्हाळ्यांत आंधळी केली आणि सौर तबकड्या माकडांनी ओरबाडल्या. मग राष्ट्रीय हवामान जाळ्यानं मुकाट्यानं माणसं नेमली आणि त्यांच्या हातात पुन्हा ईमेल दिला, कारण जंगलातल्या मरतुकड्या नेटवर्कवरूनही ईमेल जातो. नियम मात्र सोवळ्याचे. नोंदणी झालेल्या पत्त्यावरूनच पाठवायचा. एका ईमेलात एकच अहवाल. साधा मजकूर, पाच-पाच आकड्यांचे गट, जोडपत्र चालणार नाही. ‘नमस्कार’ लिहिलं तरी अहवाल परत! शिवाय सगळ्या केंद्रांनी एकदम पाठवले तर नागपूरचं यंत्र गुदमरतं, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. आधी गोवारटोला, अर्ध्या तासानं पलीकडच्या तालुक्यातलं खैरीबांध, मग पुढचं.

आलेला प्रत्येक अहवाल नागपुरात ‘पारख’ तपासायची. पारख म्हणजे बाई नव्हे, प्रणाली. त्या जागी, त्या वेळी किती तापमान असायला हवं हे ती आधीच गणितानं काढून ठेवायची. निरीक्षकाचा आकडा त्याच्या आसपास असला तर आत, फार दूर असला तर परत. चुकीचा एक आकडा शंभर अंदाज नासवतो, तेव्हा चाळणी हवीच, हे श्रुतिकालाही मान्य होतं. भौतिकशास्त्रात पदवी घेतलेली मुलगी होती ती, यंत्राला शिव्या देणाऱ्यांतली नव्हती.

दुसरा अहवालही परत आला. या वेळी एक ओळ जास्त होती. ‘या केंद्रावर उन्हाळ्यात मलमल कोरडी असल्याचा पूर्वेतिहास आहे.’

‘कोणाचा पूर्वेतिहास?’ श्रुतिका मोठ्यानं म्हणाली. दोन वर्षांत एकदाही तिनं मलमल वाळू दिली नव्हती. तिनं दात-ओठ खात तिसऱ्यांदा तोच आकडा पाठवला आणि या वेळी उत्तर चटकन आलं. ‘सुधारित अहवाल जारी केला आहे. कोरडा ४२, ओला २४. निरीक्षक : श्रु. मो. कापगते.’

ती ते नाव बघतच राहिली. चोवीस हा आकडा तिनं पाहिला नव्हता, लिहिला नव्हता, पाठवला नव्हता. तरी तो तिच्या नावानं देशभर गेला होता. कुणी आपल्या अंगठ्याला शाई लावून बळंच कागदावर दाबावा, तसं तिला झालं.

आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. ओला तापमापी म्हणजे काय, तर घाम आलेला माणूस. मलमलीतलं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून तो तापमापी नेहमी कमी दाखवतो. आपलं अंगही घाम उडवूनच थंड राहतं. कोरड्या हवेत सेहेचाळीस अंशांतही माणूस पाणी पीत पीत दिवस काढतो. पण हवेतच वाफ भरलेली असली तर घाम उडणार कुठं? तो नुसता वाहतो. ओला तापमापी बत्तीस-तेहेतीसवर गेला की उन्हात राबणारं धडधाकट माणूसही आतून तापत जातं आणि तासा-दोन तासांत कोसळतं. अलीकडे बंगालचा उपसागर इतका तापायला लागला होता की पावसाळ्याच्या कितीतरी आधी त्याच्या वाफेची एखादी जीभ थेट पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीपर्यंत यायची. पारखला ती जीभ दिसली नव्हती. तिच्या हिशेबात अजून जुना, कोरडा मेच चालू होता.

उष्मा कायदा याचसाठी आला होता. ओला तापमापी बत्तिसाच्या वर गेला किंवा कोरडा सत्तेचाळिसाच्या वर गेला, तर त्या केंद्राच्या टापूतले भोंगे आपोआप वाजत आणि उघड्यावरचं सगळं काम बंद होई. भोंगा वाजला तर मजुरांना दिवसाची पूर्ण हजेरी. भोंगा न वाजता काम सोडलं तर हजेरी कापली जायची. गोवारटोल्याच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, त्या दुपारी दीडशे-दोनशे बाया गाळ उपसत होत्या आणि श्रुतिकाचा धाकटा भाऊ भूषण तिथं रोजगार सेवक म्हणून हजेरी घेत उभा होता.

तिनं भूषणला फोन लावला.

‘भूषण, काम बंद कर. बायांना सावलीत ने.’

‘भोंगा कुठी वाजला, ताई?’

‘नाही वाजला. नाही वाजणार. मी सांगून राहिली ना तुले!’

‘मांगच्या मंगळवारी मीच बंद केलतो. बायाइची हजेरी गेली, तं त्याइनं मले घरी येऊन धुतलं. आता त्याच म्हणतेत, भोंग्याबिगर हालत नाही.’ तो थांबला. धापा टाकत होता. ‘सेवंताबाई ओकून राहिली इथं. शेणाच्या खड्ड्यासारखी गरमी आहे आज. भोंगा कुठी वाजला, ताई?’

‘आत्ताच विचारलंस ना रे हे!’

‘काय विचारलं?’

भूषणची जीभ जड झाली होती. तहसिलीत तिनं फोन केला, तर तिथला बाबू म्हणाला, ‘भोंगा वाजला का? नाही ना? मग?’

केंद्राची खोली आणि घर यांच्यात एक भिंत होती. ती घरात गेली. तिचे वडील मोतीराम कापगते बनियनवर खाटेवर बसून कूलरला थोपटत होते. तिच्या आधी याच केंद्राचे निरीक्षक तेच होते. गुडघे गेल्यावर त्यांनी काम सोडलं आणि ते तिला मिळालं.

‘हा कूलर बिघडला का पाह्य बरं,’ ते म्हणाले. ‘पाणी काठोकाठ आहे, पंखा फिरते, अन् हवा अशी फेकते का जशी म्हशीनं तोंडावर श्वास सोडला.’

श्रुतिकानं कूलरच्या वाळ्यावर हात ठेवला. वाळा ओलाचिंब होता. हवा गरम आणि दमट येत होती. कूलर बिघडला नव्हता, त्याचं पाणी उडतच नव्हतं. घरातला हा पत्र्याचा डबा सुद्धा तेच सांगत होता जे तिनं तीनदा नागपूरला कळवलं होतं. उरलासुरला संशय गेला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

‘बाबा, खरं सांगा. तुमच्या वेळेस मलमल ओली करत होते का तुम्ही?’

मोतीरामांनी कूलरवरचा हात काढला. ‘आता काहून हे?’

‘सांगा!’

‘वाचन तं घेत होतो ना मी. रोज घेत होतो. घरी बसून आकडे नाही लिहिले, त्या दुसऱ्या केंद्रावरच्या सोनटक्क्यासारखे.’

‘मलमल, बाबा!’

‘अवं, ते डिस्टिल वॉटर महिन्याले एक कॅन येत होतं,’ मोतीराम चिडून म्हणाले. ‘इन्व्हर्टरच्या बॅटरीतही तेच लागते. लाइट दिवसातून सहा घंटे नाही राहे. तुही बारावी होती. अंधारात अभ्यास केला असता का? त्या चिंधीले पाजत बसू का पोरीले उजेड देऊ? अन् चार वर्सं कोनी एक शब्द नाही बोललं.’

‘बोललं नाही, लिहून ठेवलं! चार उन्हाळे तुम्ही खोटा जास्त आकडा पाठवला. आज तो आकडा खरा आहे, तर ते यंत्र म्हणते, कापगत्यांच्या केंद्रावर हे नेहमीचंच आहे. भूषण तिकडे तलावात मरून राहिला, बाबा!’

मोतीरामांनी काठीकडे हात नेला. त्यांना काही बोलायचं असावं, पण ती थांबली नाही. ज्या उजेडात आपण शिकलो तो असा आला होता, याचा राग कुणावर काढायचा हेही तिला कळत नव्हतं. तिनं नागपूरच्या विभागीय केंद्राचा नंबर लावला.

तिथले प्रमुख वझलवार गोड बोलणारे गृहस्थ होते. उंटावरून शेळ्या हाकणारे बरेच जण गोडच बोलतात.

‘मॅडम, मी समजू शकतो. पण पारखनं मागच्या वर्षी अकरा हजार चुका पकडल्यात. अकरा हजार! माणूस दमतो, विसरतो, ती दमत नाही.’

‘सर, मलमल ओली आहे. मी हातानं पाहिलं. माझ्या घरातला कूलर चालत नाहीये.’

‘कूलर चालत नाही हे मी कोणत्या गटात भरू, मॅडम?’ ते हसले. ‘हे बघा, नियमात वाट आहे. शेजारच्या केंद्राचा आकडा तुमच्या नाकारलेल्या आकड्याशी जुळला, तर पारख दोघांचाही आपोआप मान्य करते. खैरीबांधची पाळी अर्ध्या तासानं आहे. त्यांचाही तेहेतीस आला तर दोन्हीकडचे भोंगे वाजतील. थोडा धीर धरा.’

‘अर्ध्या तासात माणसं मरतील, सर.’

‘मग माझ्या हातात काही नाही,’ वझलवार म्हणाले आणि या एका वाक्यात मात्र ते खरं बोलले.

तिनं पुन्हा भूषणला लावलं. फोन एका बाईनं उचलला. ‘अवं बाई, तुहा भाऊ खाली बसला. उठतच नाही. काहीबाही बडबडून राहिला, आईले हाक मारून राहिला.’ त्यांची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

श्रुतिका परत संगणकापुढे बसली. तेहेतीस पारखला नको होता. पण पारखला काय हवं आहे हे दोन वर्षांच्या सवयीनं तिला पक्कं ठाऊक होतं. पारखच्या गणितातला आजचा कोरडा आकडा पंचेचाळीस होता आणि तिथं तीन अंश इकडेतिकडे तिला चालत. म्हणजे सत्तेचाळीस पूर्णांक एक चालला असता. खरं तापमान होतं बेचाळीस. तिनं विषयाच्या जागी दुरुस्तीची खूण टाकली आणि पाच-पाच आकड्यांचे गट लिहिले. कोरडा ४७.१, ओला २४. जन्मात पहिल्यांदा तिनं न पाहिलेला आकडा लिहिला. नागपूरवर, बाबांवर, त्या गोड आवाजावर ती इतकी संतापली होती की बटण दाबताना तिला जवळजवळ बरं वाटलं. खैरीबांधची आठवण झाली का? झाली. ओझरती झाली आणि तिनं ती बाजूला सारली.

‘अहवाल स्वीकारला,’ उत्तर आलं. ‘अचूक निरीक्षणाबद्दल धन्यवाद. आपल्या केंद्राची विश्वासार्हता वाढवण्यात आली आहे.’

आणि गावातला भोंगा रडायला लागला.

ती तलावापर्यंत पळत गेली. बाया घमेली टाकून तलावाच्या बांधावरच्या आंब्यांखाली जात होत्या. मासे विकणाऱ्या ढिवरानं आपली बर्फाची लादी फोडून भूषणच्या काखेत, मानेला, जांघेत ठेवली होती. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. आरोग्य केंद्राची गाडी आली, त्याला आणि सेवंताबाईला घेऊन गेली. दिवस कलायच्या सुमाराला सलाइन लावलेल्या भूषणनं डोळे उघडून विचारलं, ‘ताई, हजेरी लागली ना बायाइची?’

‘लागली,’ ती म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकून रडली. मोतीराम काठी टेकत आले होते. ते तिच्या शेजारी बसले.

तेवढ्यात दीपालीचा फोन आला. दीपाली उईके, खैरीबांध केंद्राची निरीक्षक. दोघींनी नागपुरात एकत्रच प्रशिक्षण घेतलं होतं, एका खोलीत राहून, एका डब्यात जेवून.

‘श्रुतिका, एक सांग,’ दीपालीचा आवाज सपाट होता. ‘तुझ्याकडं आज ओला खरंच चोवीस होता?’

श्रुतिका उठून उभी राहिली.

‘कारण माझ्याकडं साडेतेहेतीस होता. मी दोनदा मलमल बदलली. पारखनं परत पाठवलं. म्हणे, शेजारच्या अतिविश्वासार्ह केंद्राशी जुळत नाही. ते केंद्र तुझं. माझ्या नावानं तिनं तेवीस छापलं. भोंगा नाही वाजला इथं. कालव्याच्या कामावर तीन माणसं गेली, श्रुतिका. एक माझी मोठी आई आहे.’

‘दीपाली...’

‘होय का नाही ते सांग.’

‘नाही,’ श्रुतिका म्हणाली. ‘तेहेतीस होता. तीनदा पाठवला. नाकारला. भूषण पडला होता. मग मी सत्तेचाळीस लिहिला, भोंगा वाजावा म्हणून.’

‘अर्धा घंटा,’ दीपाली म्हणाली. ‘तू अर्धा घंटा थांबली असतीस, किंवा नुसता तुझा तेहेतीस तसाच राहू दिला असतास, तर माझा तुझ्याशी जुळला असता. दोघींचे भोंगे वाजले असते.’ मग तिचा बांध फुटला. ‘एक फोन नाही केलास मला! एक फोन! मी बसली होती इथं पाळीची वाट पाहत, मूर्खासारखी, नियमानं!’

फोन बंद झाला. श्रुतिकाला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. खरंच, एक फोन. तहसिलीला केला, नागपूरला केला, दीपालीला केला नाही. पाळी म्हणजे पाळी, शेजारच्या केंद्राशी आकड्यांबद्दल बोलायचं नाही, संगनमत होतं, असं प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. खोटा आकडा पाठवताना तिनं सगळे नियम मोडले आणि नेमका हाच एक पाळला. याचा तिला इतका संताप आला की तिनं मूठ भिंतीवर आपटली. नर्सनं वळून पाहिलं.

घरी जाऊन तिनं दुरुस्ती पाठवली. दुपारचं खरं वाचन, कोरडा ४२, ओला ३३. उत्तर लगेच आलं. ‘दुरुस्ती नाकारली. मूळ अहवाल अधिक विश्वासार्ह आहे.’ तिनं पुन्हा पाठवली. पुन्हा नाकारली. तिसऱ्यांदा पाठवल्यावर पारखनं कळवलं की वारंवार अहवाल पाठवल्यामुळे हा पत्ता उद्यापर्यंत बंद ठेवला आहे.

वझलवारांचा फोन मात्र आपणहून आला.

‘अभिनंदन, मॅडम. तुमच्या टापूत एकही मृत्यू नाही. वरपर्यंत नाव गेलंय तुमचं.’

‘सर, मी खोटा आकडा पाठवला.’

‘असं फोनवर बोलू नये.’

‘तेहेतीस खरा होता. सत्तेचाळीस मी मनानं लिहिला. त्यामुळे दीपालीचा खरा आकडा नाकारला गेला. तीन माणसं मेली, सर!’

‘मॅडम, तुम्ही थकल्या आहात. माझ्यासमोर पारखचं विश्लेषण आहे. तुमचा आकडा तिच्या अंदाजाशी जुळतो. जे जुळतं ते खोटं कसं?’ मग त्यांनी आवाज आणखी मऊ केला. ‘उईके मॅडमची चौकशी लागलीय. मलमल कोरडी ठेवल्याचा ठपका आहे. उद्या आमचे अधिकारी खैरीबांधला जातायत. तुम्ही यात पडू नका. भाऊ वाचला ना? मग झालं तर.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. श्रुतिकाला वाटलं, फोनमधून हात घालून त्या माणसाचा गळा धरावा. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, ते तर आणखीच वाईट. त्याला फक्त जुळवून हवं होतं. आणि जुळवून तिनंच दिलं होतं.

मोतीराम दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ‘खैरीबांधले जाशील तं नोकरी जाईन,’ ते म्हणाले. ‘पोलिसातही देतीन.’

‘माहीत आहे.’

‘माह्या चिंधीपासून सुरू झालं हे. मी येतो संग. सांगतो तसं.’

‘तुमच्या चिंधीचं तुम्ही सांगा, बाबा,’ ती म्हणाली. तिचा राग उतरला नव्हता, पण त्या रागात आता त्यांच्याबरोबर ती स्वतःही होती. ‘माझं मी सांगीन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बसनं खैरीबांधला पोचली. समाजमंदिरापुढे मंडप टाकला होता. गेलेल्या तिघांच्या घरचे लोक, कालव्यावरचे मजूर, सरपंच असे सगळे जमले होते. पुढे टेबलामागे नागपूरचे दोन अधिकारी टॅब उघडून बसले होते आणि त्यांच्यासमोर दीपाली उभी होती. गर्दीत कुजबुज चालली होती. ‘चिंधी ओली कराची तं होती. तेवढंच काम हाय इचं.’ एका तरुणानं तिच्या दिशेनं थुंकलेलं श्रुतिकानं पाहिलं. दीपालीचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ धोंडबाजी उईके, कालच बायकोला माती देऊन आलेले, सगळ्यांच्या पुढे खुर्चीत ताठ बसले होते. ते पुतणीकडे बघतही नव्हते.

श्रुतिका गर्दीतून पुढे गेली. ‘गोवारटोल्याची निरीक्षक मी. श्रुतिका कापगते. दीपालीचा आकडा खरा होता. माझा खोटा होता.’

अधिकाऱ्यानं टॅबवर काहीतरी टिपलं, वाट पाहिली आणि मान हलवली. ‘मॅडम, तुमच्या म्हणण्याची शक्यता प्रणाली शून्य पूर्णांक चार टक्के दाखवते. मैत्रीण आहे ना तुमची? बसून घ्या.’

‘तुमची प्रणाली घाला चुलीत!’ श्रुतिका किंचाळली. ‘मी पाठवला तो आकडा. माझ्या या हातानं पाठवला. खरा पाठवला तेव्हा परत आला, खोटा पाठवला तर शाबासकी मिळाली. माझा भाऊ तलावात पडला होता. तो वाचावा म्हणून मी खोटं लिहिलं, अन् त्या खोट्यामुळे इथला भोंगा वाजला नाही. दीपालीनं मलमल दोनदा बदलली. ती नियमानं वागली. मी नाही वागले. तुमची माणसं माझ्यामुळे...’

मागे मोतीराम काठीवर भार देऊन उभे होते, मान खाली घालून. दीपालीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि श्रुतिकानं ती मागितलीही नव्हती. अधिकारी टॅब मिटून म्हणाला, ‘हे बघा, हे नोंदीत घेता येणार नाही.’

धोंडबाजी खुर्चीतून उठले. म्हातारा हळूहळू चालत तिच्यापुढे आला. आता मारतो, असं तिला वाटलं आणि तिनं तोंड वळवलं नाही.

‘तुहा भाऊ जित्ता हाय?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी तिचा दंड धरला, टेबलाकडे पाठ करून तिला लोकांकडे वळवलं आणि मंडपाच्या टोकाला, जिथं तो थुंकणारा तरुण उभा होता, तिकडे बोट केलं.

‘पुन्हा सांग,’ ते म्हणाले. ‘मोठ्यानं सांग. मांग आयकू नाही गेलं.’

श्रुतिकानं छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.